आजीबाईंच्या सहीची मोहीम

जैसे घडिले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही. हकीकत ऐसी जे, एका थोर कादंबरीकारांनी ताऱ्यांकडे एकट्याने गेलेल्या यानचालकाची कथा लिहिली, तीन पिढ्यांस वेड लाविले आणि कैलासवासी जाहले. मग दिग्दर्शकसाहेबांनी त्यावर चित्रपट रचिला आणि यानाचे जागी लोखंडी कपाट, ग्रहाचे जागी ओला टॉवेल आणि यानचालकाचे बायकोचे जागी उंच दांडीचा दिवा नेमिला. जो अर्थ पुसेल तो अडाणी, ऐसे फर्मान सुटले, मग सारे मुकाट जाहले. खरे लिहावे तर, कपाटाचा अर्थ खुद्द साहेबांसही ठाऊक नव्हता.

परंतु प्रदर्शनास कादंबरीकारांच्या पत्नीची सही लागे. सबब साहेब संकलकाची कुमक आणि लॅपटॉप घेऊन तिसरे मजल्यावर चालून गेले, आणि लिफ्ट बंद, म्हणोन दारातच निम्मे गारद जाहले.

त्या पत्नी म्हणजे आजीबाई, वय वर्षे एक्क्याऐंशी. त्यांनी चष्मा पुसला आणि दोन तास लॅपटॉपवर चित्रपट पाहिला. मग आजीबाईंनी पुसले, "हा दिवा म्हणजे त्याची बायको ना? मग सुरुवातीलाच विझवलात का?"

"काकू, पुस्तकात ती तिसऱ्या पानानंतर येतच नाही."

"मला सांगता? हस्तलिखित मीच उतरवून काढलं. तेव्हाच यांना म्हटलं, ती खाली वाट बघत बसलीये, तिचं काय? म्हणाले, कथेत जागा नाही."

आणि हुकूम जाहला की दिवा अखेरपर्यंत तेवता ठेवावा, एरव्ही सही नाही. साहेबांनी कलेची ढाल पुढे केली, प्रकाशयोजना बिघडेल म्हणोन निकराने झुंजले. इतक्यात संकलक पडेल आवाजात म्हणाला, "बसेल, साहेब, दिवा पेटलेले शॉट आहेत आपल्याकडे," आणि ऐन रणात फितूर जाहला. साहेबांनी पडद्यावरच्या त्या विझल्या दिव्याकडे पाहिले. मग तह कबूल केला आणि सही जाहली.

जिना उतरता साहेबांनी बारा दिवसांनी घरी बायकोस फोन लाविला, की आज जेवायला येतो. पलीकडून फर्मान आले, आधी कोण बोलतंय ते सांगावे. साहेबांनी नाव सांगितले आणि पावले उचलिली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कोणाची, हे संकलक जाणे.