दहा मिनिटे चालण्यास हरकत नसणेबाबत

नकाशा विभागाचे मुख्य कारकून एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत बसून होते. एके दिवशी लिफ्ट बंद पडली आणि त्यांना दोन मजले चढावे लागले. वर पोहोचेपर्यंत त्यांचा भाता असा फुलला, की शिपायाने आधी हजेरीवर खूण केली आणि मग पाणी आणलं. माणूस गेलाच, तर निदान वेळेवर आला होता एवढी नोंद राहावी.

डॉक्टरीणबाईंनी नाडी, रक्तदाब, हृदयाचा आलेख सगळं पाहिलं. हृदय ठीक आहे, फक्त त्याला बरीच वर्षं कोणी काम दिलेलं नाही, असं त्यांचं मत पडलं. रोज दहा मिनिटं सपाट जागी सावकाश चालायचं. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली, की वेग कमी. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबून इकडे यायचं.

"तरुणपणी मी शर्यती जिंकल्यात," कारकून म्हणाले.

"त्या तरुणाला पाठवा, त्याला पळायला सांगते. तुम्ही चाला."

कारकून नाराज होऊन परतले. ज्यात एकही अर्ज करावा लागत नाही, अशा गोष्टीवर त्यांचा जन्मात विश्वास बसला नव्हता. बायकोने सगळं ऐकून घेतलं, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चला." त्यावर कारकुनांनी तिला समजावलं, की असं उठसूट चालत सुटणं बरं नव्हे, मधल्या सुट्टीत कचेरीच्या आवारात चालायची आपण रीतसर परवानगी काढू. बायको एकटीच गेली.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. आवारात वाहन लावण्याचा नियम होता, थुंकण्याचासुद्धा होता, चालण्याचा नव्हता. चालता चालता माणूस पडला, तर तो कोणत्या विभागात पडला असं धरायचं? त्यांनी डॉक्टरांचा दाखला मागवला. बाईंनी लिहिलं, 'चालू शकतात.' साहेबांचा शेरा आला : 'शकतात हे समजले. चालावे किंवा कसे, याबाबत अभिप्राय नाही.' बाईंनी दुसरा दाखला एकाच शब्दाचा दिला, 'चालावे.' त्यावर शेरा पडला : 'शकतात काय, याचा उल्लेख आढळत नाही.'

अखेर सात जणांची समिती बसली आणि चांगली पाच महिने बसून राहिली. चालणाऱ्याला बोलता येतंय का, हे तपासायला सोबत एक वरिष्ठ हवा, असं ठरलं. पण वरिष्ठांचं पोट कारकुनांच्याही दोन बोटं पुढे. तेव्हा त्यांच्या सोबतीला अतिवरिष्ठ हवा. दरम्यान, धोरण मंजूर होईपर्यंत चाळिशीपुढच्या कोणीही जिना चढू नये, असा आदेश निघाला. तो मात्र त्याच दिवशी अमलात आला.

सातव्या महिन्यात आवारात पांढरा पट्टा रंगवला गेला, टोप्या वाटल्या गेल्या, कारकुनांच्या मनगटावर ठोके मोजणारं यंत्र बांधलं गेलं. उद्घाटनाच्या वेळी साहेब जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सावकाश चालणं फोटोत उभं राहिल्यासारखं दिसतं हो. जरा पळा."

कारकुनांना बाईंचं बोलणं आठवलं. पण वरिष्ठांची इच्छा होती, आणि खरं सांगायचं तर जुन्या शर्यतींचा माजही होता. ते पळाले. पहिल्या फेरीला टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीत यंत्राचा लाल दिवा लागला, घोटा मुरगळला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ते पट्ट्यावरच मटकन बसले. कोणीतरी ध्वनिक्षेपक तोंडापुढे धरून कसं वाटतंय म्हणून विचारलं. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

"त्यांना गहिवरून आलंय," साहेबांनी सभेला सांगितलं, आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

गहिवर ओसरेना, तेव्हा त्यांना बाईंकडे नेलं. सुदैवाने घोट्यापलीकडे काही निघालं नाही. सात महिन्यांत किती दिवस चाललात, असं बाईंनी विचारलं.

"मंजुरी आजच मिळाली," कारकून म्हणाले.

समितीचा अहवाल तीन दिवसांत आला. अपघात चालण्याच्या धोरणामुळे घडला असून, न चालल्यास असे प्रसंग उद्भवत नाहीत, सबब आवार बंद. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या. कारकुनांनीही सही केली आणि सही करताना त्यांना इतकं हलकं वाटलं, की आपण सात महिने नेमकी कशाची वाट पाहत होतो, हे त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

घोटा बरा झाला. बाईंनी पुन्हा दहाच मिनिटं सांगितली. बायको एव्हाना रोज तासभर चालत होती, आणि तेही कोणाची सही न घेता. संध्याकाळी ती दारात थांबली.

"मी तुमच्याबरोबर हळू चालेन," ती म्हणाली. "कोपऱ्यापर्यंतच जाऊ."

कारकुनांनी एक पाय पलंगावरून खाली सोडला. थोडा वेळ तो तसाच लोंबू दिला. मग वर घेतला.

"तू हो पुढे. मी सोमवारपासून येतो."

ती गेली. आता हसू आवरा. ही गोष्ट तुम्हीही बसूनच वाचलीत, आणि तुमचाही सोमवार अजून उजाडायचाच आहे.