रविवारी परत

सलिलचा मेसेज शुक्रवारी सकाळी आला. 'हेडिंग बॅक ऑन संडे', एवढाच. कॅनडाहून तीन वर्षांनी आलेला सलिल, बायको ऋजुता आणि छोटी सान्वी यांच्यासह आठवडाभर डोंबिवलीत आईवडिलांकडे राहिला होता. गुरुवारी तिघं ठाण्याला ऋजुताच्या माहेरी गेली होती. परतीच्या विमानाची तारीख नीट विचारायची राहूनच गेली होती.

सरोजताईंना चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. सुधीररावांनी नोकरीत जन्मभर इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळलेला. त्यांनी एका नजरेत निकाल दिला, "रविवारी परत."

"परत येणार, की परत जाणार?"

"अगं, जायचं असतं तर गोइंग लिहिलं असतं त्याने. हेडिंग म्हणजे तोंड वळवून निघणं. माणसाचं तोंड घराकडेच वळणार ना?"

सरोजताईंना ते पटलं. पटावं असंच त्यांनाही वाटत होतं. त्यांनी लगेच बिरड्यासाठी वाल भिजत घातले. खडवलीच्या जाईबाईंनी, म्हणजे सुधीररावांच्या आत्यांनी, सान्वीला अजून पाहिलंच नव्हतं, त्यांना बोलावून घेतलं. रविवारी दुपारी पाण्याची ओढाताण नको म्हणून सुधीररावांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला पंप चालू ठेवायची विनंती केली. सेक्रेटरीने कारण विचारलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बिल्डिंगला कळलं. समोरच्या दर्शनाने केक आणला, त्यावर 'वेलकम बॅक' लिहून घेतलं. रविवारी बारापासूनच हॉल माणसांनी भरला.

एक वाजून गेला तरी कोणी आलं नाही. सुधीररावांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. ठाण्याहून येताना वाटेत लागणारा शिळफाटा ओलांडलात का, असं त्यांनी विचारलं.

"शिळफाटा? बाबा, आम्ही एअरपोर्टवर आहोत. सामान आत गेलं पण. मेसेज केलेला ना मी? आणि गुरुवारी पाया पडलो की तुमच्या."

पाया पडला होता खरा. पण दोन दिवसांसाठी जाणाऱ्याला द्यावा तसा घाईचा आशीर्वाद देऊन सुधीरराव खाली धावले होते. सान्वी हात हलवत होती, तेव्हा ते रिक्षावाल्याला गेटातून रिक्षा कशी वळवायची ते समजावत होते.

"हो, हो," ते म्हणाले. "तेच विचारायला केला होता. सामान बसलं ना वजनात?"

दर्शनाने केकचा डबा हळूच बंद केला. सरोजताईंनी फोन घेऊन सान्वी जेवली का ते विचारलं. जेवली होती, बर्गर. पलीकडे विमानाची घोषणा सुरू झाली.

"चला आई," सलिल म्हणाला, "येतो."

जाईबाईंना कमी ऐकू येई. इतका वेळ त्या नुसत्या सगळ्यांची तोंडं बघत होत्या. हा शेवटचा शब्द मात्र त्यांनी पकडला.

"येतो म्हणाला ना तो?"

सुधीररावांनी बायकोकडे पाहिलं. सरोजताईंनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"हो आत्या. येतो म्हणाला."

"मग पानं घेऊ नका एवढ्यात," जाईबाई मांडी सावरून बसत म्हणाल्या. "थांबू त्याच्यासाठी."

भूक सगळ्यांनाच लागली होती. पण आधी उठायला कोणी तयार होईना.