नानांच्या छातीतली धडधड

आमच्या शेजारचे नाना अमळनेरच्या एका तेलगिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, सवय राहिली. यंत्र दिसलं की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि निकाल द्यायचा, "बेरिंग गयी शे." आमचा मिक्सर, पाण्याची मोटर, एकदा तर भर वरातीत बँडवाल्यांचा जनरेटर. निकाल सहसा खरा निघतो.

एका सकाळी ते ओट्यावर स्वतःच्याच छातीला स्क्रू-ड्रायव्हर लावून बसलेले दिसले.

"मास्तर, ठोका चुकतोय. एक येतो, मग तीन घाईघाईत, मग गायबच."

मी त्यांना जळगावला नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहून सांगितलं, "हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की लकवा. ही गोळी रक्त पातळ ठेवेल, ही ठोके आवरेल. बरं वाटलं तरी मनाने बंद करायच्या नाहीत."

"म्हणजे वरचे दोन सिलिंडर मिसफायर," नाना समाधानाने म्हणाले.

त्यानंतर गल्लीत कुणीच नानांच्या रक्ताबद्दल अज्ञानी राहिलं नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसायच्या आधीच ते बजावायचे, "मन्हं रगत पातय शे. वस्तरा जपीसन फिराव." शेजारीण विळी घेऊन बसली तरी दोन पावलं लांबून जायचे.

दोन महिन्यांनी आमच्याकडे पेपर वाचता वाचता त्यांच्या हातून पेपर गळाला. तोंड वाकडं झालं, जीभ जडावली. तडक त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. नशीब, तासाभरात बोलणं परत आलं.

"गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ दिवस बंद. मशीन ठीक चालत होतं."

डॉक्टर भडकले. "ठोका शांत वाटला म्हणून गुठळीचा धोका जात नाही, नाना! आज नुसता इशारा मिळाला. पुढच्या वेळी मिळेलच असं नाही."

ते गेल्यावर मी म्हटलं, "नाना, खरं काय ते सांगा."

नाना चादरीची सुरकुती सारखी करत राहिले.

"ही गेल्यापासून घर चिडीचूप झालंय, मास्तर." ही म्हणजे त्यांची बायको, आमच्या अक्का. "दुपारी आडवं झालं की छातीतली धडधड ऐकू यायची. घरात कुणीतरी वावरतंय असं वाटायचं. गोळीने तेही बंद झालं."

घरी येऊन मी बायकोला एवढंच सांगितलं. नानांच्या घरून गोळ्यांचा डबा आणून तिने आमच्या फडताळात ठेवला.

आता नाना सकाळ-संध्याकाळ आठला येतात. गोळी एका घोटात होते. चहाला तासभर लागतो.