वाजणारच म्हंजी काय?

गेनभाऊंच्या पिकअपमध्ये बसायचं असेल, तर आधी खिसे रिकामे करावे लागतात. किल्ल्या, सुट्टे पैसे, तंबाखूची डबी, सगळं बाहेर. दाराला एक जुना टॉवेल अडकवलेला असतो, त्यात ते घट्ट बांधून ठेवायचं. बाई असली तर गेनभाऊ जमिनीकडे बघत म्हणतात, "ताई, बांगड्यांवर तेवढा रुमाल बांधा." यावरून आमच्या वारूळवाडीतल्या एका मावशींनी त्यांना भर चौकात झापलं, की मेल्या, सवाष्णीला बांगड्या झाकायला सांगतोस. गेनभाऊंनी निमूट ऐकून घेतलं आणि मावशींना खाली उतरवलं. मावशी नारायणगावच्या बाजाराला चालत गेल्या.

कारण काय, तर गाडी वाजते. आणि गाडीत दुसरं काही वाजलं, तर गाडी नेमकी कुठं वाजते ते कळत नाही.

आता पिकअप वाजते यात नवल ते काय. टोमॅटोचे कॅरेट वाहणारी गाडी आहे ती, नवरीची मोटार नव्हे. मिस्त्र्यानंही त्यांना तेच सांगितलं, "भाऊ, पिकअप हाय. वाजणारच." तर गेनभाऊ त्याच्या हातातला पान्हा काढून घेत म्हणाले, "वाजणारच म्हंजी काय? कुठं लिवलंय?" तेव्हापासून गावात कुणाचं काहीही बिघडलं की लोक विचारतात, कुठं लिवलंय. आज नळाला पाणी येणार नाही. कुठं लिवलंय. गेनभाऊंना याचं काही वाटत नाही. हसणाऱ्याला ते शांतपणे विचारतात, "त्ये ऱ्हाऊ दे. तुला आवाज ऐकू येतोय का?"

मी त्यांचा शेजारी, संपत गिरणीवाला. जन्म पिठाच्या गिरणीत गेला, त्यामुळे मला ऐकू कमी येतं आणि मी बोलतो ते चौकापर्यंत जातं. असला माणूस आवाज शोधायला कोण घेईल? गेनभाऊंनी घेतला. त्यांचं म्हणणं असं, की "बाकीचे उगा काहीबी ऐकत्यात. तुला ऐकू आलं म्हंजी ते खरंच वाजतंय." हा मान होता का अपमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी गेलो. हौद्यात पालथा पडून, पत्र्याला कान लावून, खोडदच्या रस्त्यानं मी प्रवास केलाय राव. बघणाऱ्यांना वाटलं, गिरणीवाल्याला दवाखान्यात चालवलंय. माझ्या घरी लोक तोंडं पाडून विचारपूस करायला आले आणि चहा पिऊन गेले.

गेनभाऊंनी त्या गाडीला काय करायचं बाकी ठेवलं नाही. शॉकअप नवे, रबरी बुश नवे. हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या साखळीला सायकलची ट्यूब गुंडाळली. दारांच्या आतल्या पोकळीत गोधडीचे तुकडे कोंबले. इथवर गावानं सोसलं. मग त्यांनी मागच्या चाकांवरच्या कमानींतला, म्हणजे स्प्रिंगांतला, एकेक पाटा काढून टाकला, आणि गावाचं डोकं फिरलं.

का फिरलं ते सांगतो. आमच्याकडे नवी पिकअप आली की नारळ फोडायचा, लिंबू-मिरची बांधायची आणि लगेच कमानीत एक पाटा वाढवून घ्यायचा. पाटा वाढला की गाडी कडक होते आणि माल जास्त बसतो. पाटा काढणारा माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. पाटे निघाल्यावर गाडी मऊ झाली, आणि निम्म्या कॅरेटांतच म्हशीसारखी बूड टेकायला लागली. ठरलेले शेतकरी दुसऱ्या गाड्यांकडे गेले. गेनभाऊ म्हणाले, "जाऊ द्या."

गावानं मग आपल्या परीनं कारण शोधलं. गेनभाऊंनी गुपचूप शर्यतीचा बैल घेतला. शर्यतीच्या बैलाला घाटावर, म्हणजे शर्यतीच्या मैदानावर, न्यायचं तर गाडी मऊच लागते, त्याच्या पायाला धक्का बसून चालत नाही. बातमी इतकी पक्की झाली, की दोन बैलगाडामालक फेटे बांधून बैल बघायला आले. गेनभाऊंनी त्यांना गोठा उघडून दाखवला. गोठ्यात शेळी होती. तिनं एकाच्या फेट्याचा शेमला खाल्ला.

बैल नाही म्हटल्यावर लोकांच्या नजरेला पोतं पडलं. गेनभाऊ सकाळी माझ्या गिरणीत यायचे, बाजरीचं पोतं काट्यावर ठेवायला लावायचे, ओंजळभर काढ, थोडी घाल, असं करत वजन जुळवायचे. मग ते पोतं शेजारच्या सीटवर बसवून, त्याला पट्टा लावून निघायचे. खड्डा आला की पोत्याकडे बघायचे. पारगावच्या बाजूचा एक उसाचा ट्रॅक्टरवाला शपथेवर सांगत होता, की गेनभाऊ त्या पोत्याला "लागलं का?" म्हणून विचारत होते. त्याला मी गिरणीतून हाकलून दिला. माझ्या शेजाऱ्याला येडा म्हणायचा हक्क माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.

तो हक्क मी लगेच बजावला. म्हटलं, "भाऊ, हे पोतं तुमचं लागतं तरी कोण?"

"तुझा काटा बराबर हाय ना?"

"म्हंजे काय. सरकारी शिक्का आहे त्याच्यावर."

"मग झालं," म्हणाले आणि पोत्याला पाठीशी उशी दिली.

हे सगळं हौसावहिनी, म्हणजे गेनभाऊंची बायको, ओसरीवर बसून बघायच्या. जन्मभर टोमॅटोच्या सऱ्यांत वाकून त्यांचा मणका गेलेला. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "आजी, वय झालं. आता दुखणारच." वहिनींनी ते मान्य केलं. त्यांचं माहेर डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला. आई अजून आहे, पण अंथरुणावरच. भाऊ फोन लावून आईच्या कानाला धरायचा आणि म्हातारी एवढंच विचारायची, "कवा येतीस?" वहिनी सांगायच्या, "येते की, कांदं निघालं की." कांदे निघायचे, पुन्हा लागायचे. गाडीचा धक्का बसला की त्या आठवडा आठवडा उठायच्या नाहीत. आईला आता बघायचं नाही, हे त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं. फोन ठेवल्यावर त्या जरा वेळ भिंतीकडे तोंड करून बसायच्या. ओसरी आमची सामाईक आहे, म्हणून मला माहीत.

गाडीचा आवाज शेवटी मलाच सापडला, आणि तोही कानानं नाही. गिरणीचं बेअरिंग जायला लागलं की मी नुसता हात लावून ओळखतो. गेनभाऊ हौद्यात उभे राहून गाडी डुलवत होते, मी खाली शिरून जागोजागी तळहात लावत गेलो. मागच्या डाव्या कमानीची पिन झिजली होती. हाताला टकटक जाणवली. नवी पिन घातली, ग्रीस भरलं आणि खोडदपर्यंत जाऊन आलो. गाडी गप्प. गेनभाऊंनी टोपी काढून तोंड पुसलं.

"उद्या सकाळी डिंभ्याला जायचं," म्हणाले. "तू मागं बस. काय वाजलं तर टपावर थाप मार."

मग त्यांनी सीटवरचं पोतं उचलून माझ्या दारात आणून ठेवलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. संक्रांतीला आळीतल्या बाया हसत-खिदळत माझ्या काट्यावर चढल्या होत्या. त्यांत हौसावहिनी होत्या, आणि गेनभाऊ दारात उभे राहून काटा बघत होते.

दुसऱ्या दिवशी निघालो. वहिनींनी बांगड्यांवर स्वतःहून रुमाल बांधला होता. घोडेगाव मागं पडलं आणि गेनभाऊ वाटेल तिथं गाडी हळू करायला लागले. मधेच थांबायचे. खड्डा नाही, म्हैस आडवी नाही, काही नाही. धरणाच्या अलीकडे पाणी प्यायला उतरलो तेव्हा मला राहवलं नाही.

"भाऊ, आता गाडी गप झाली ना? मग पळवा की. काय नवरदेवासारखं चाललंय."

माझं बोलणं वहिनींना ऐकू जाणार, म्हणून गेनभाऊंनी मला दंडाला धरून लांब झाडाखाली नेलं.

"ती सांगत न्हाई रं," ते म्हणाले. "कितीबी दुखलं तरी सांगत न्हाई. दातात पदर धरती निस्ता. बारीक हुं येतो, तेवढाच. गाडी वाजती तवा त्यो मला ऐकू येतोय व्हय? मागल्या टायमाला दवाखान्यात नेली, मला वाटलं बरी हाय. खाली उतरली तर उभं ऱ्हाता येईना. आन् त्यो डॉक्टर म्हणतो दुखणारच. म्हणू दे त्याला. मला ऐकू आलं पायजे. ऐकू आलं तर मी थांबीन."

त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज भांडल्यासारखा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा हळू बोललो. म्हटलं, "चला."

पुढं चढ होता, रस्ता उखडलेला. गाडी एकदा दचकली. मला काही ऐकू आलं नाही, पण गाडी थांबली. मी केबिनच्या मागच्या उघड्या खिडकीला कान लावला.

"आता का थांबलात?" वहिनींनी विचारलं.

"दुखलं तुला."

"मी कुठं काय बोलले?"

"ऐकलं मी."

वहिनींनी तोंडातला पदर सोडला. मग म्हणाल्या, "व्हय. लई दुखतंय वो." शेजारात इतकी वर्षं काढली, पण हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. गेनभाऊंनी इंजीन बंद केलं. "मग बसू जरा," म्हणाले. "आपल्याला कोण हाकलतंय."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की गिरणीची किल्ली खिशातच राहिलीय. सकाळच्या गडबडीत टॉवेलात बांधली नव्हती. ती काढून मी मुठीत घट्ट धरली, आणि म्हातारीच्या अंगणात गाडी लागेपर्यंत मूठ उघडली नाही.