टिटवीच्या बापाचं कुरण

सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या चाळीमागे एक पडीक जागा होती. चार बाभळी, गुडघाभर गवत आणि कारखान्यातला टाकाऊ धागा. तिथून जाताना अख्खी चाळ नाक धरायची; हिलालआप्पा चपला काढायचे.

"कुरण शे ते," म्हणायचे. "कुरणमा चपला घालीसन जातस का?"

आप्पा धुळ्याकडचे, कापड कारखान्यात माझ्या शेजारच्या लूमवर. नव्वदच्या आगेमागे सुरतेत आले होते. त्यांच्या गावाला झाडीचं मोठं कुरण, आणि राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दिवाळीपर्यंत कुरण बंद. ना गुरं, ना विळा. मग पहिला विळा राखणदाराचा, नंतर गावाचा, तोही घरटी आणि सशांसाठी एक पट्टा सोडून. "त्यास्ना बी वाटा शे ना भो!" हे आप्पांचं पालुपद. हा सगळा कायदा त्यांनी आमच्या उकिरड्याला लावला होता. बाभळीखाली टिटवीनं अंडी घातली, तर बारा तासांची पाळी करून आलेला हा माणूस काठी घेऊन उन्हात उभा.

एकदा एका भरवाडानं, तिथल्या गुराख्यानं, म्हशी आत घातल्या. आप्पा आडवे आले.

"काका, आ जग्या तमारा बापनी छे?"

"मना बापनी नही, टिटवीना बापनी शे!"

भरवाडाला हसू आवरेना. म्हशी त्यानं वळवल्या, आणि दिवाळीला पहिला भारा आप्पांनी त्यालाच दिला.

दिवाळीत लूम बंद, सगळा खान्देश गावाकडे पळायचा. आप्पा नाही. "कुरण कोन राखी?" आम्ही भरपूर टिंगल करायचो. मी सगळ्यात जास्त.

एका दिवाळीत बहिणीच्या सासरी गेलो होतो. आप्पांचं गाव शेजारीच, म्हटलं बघू तरी. कुरण कापून झालं होतं, पण पळसाखाली गवताचा एक पट्टा तसाच उभा. सशांचा असेल.

"तो हिलालना वाटा शे," गुरं राखणारा म्हातारा म्हणाला. दुष्काळात आप्पांचा बैल भुकेनं बसला, तेव्हा त्यांनी बंद कुरणातून एक ओझं कापलं होतं. गाव काही बोललं नाही. राखणदारालाच तोंड दाखवायची लाज वाटली, आणि त्यानं गाव सोडलं. पहिला विळा त्याचा, म्हणून गाव दरसाल तेवढं गवत उभं ठेवतं.

त्या पट्ट्याजवळ पडलेल्या चार काड्या मी आप्पांना आणून दिल्या, सगळं सांगितलं. त्यांनी काड्या हुंगल्या.

"मनासाठे?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि स्टेशनची रिक्षा धरली.

"काका क्यां गया?" भरवाडानं विचारलं.

"घेर गया," मी म्हणालो. केलेल्या टिंगलीची फार लाज वाटली. तेवढ्यात एक म्हैस बाभळीखालच्या राखीव गवताकडे सरकली, आणि मी काठी आडवी धरली.