पुनाजीमामाच्या बाटल्यांतलं पाणी

पुनाजीमामा लग्नाच्या पंगतीत बसले की सोलकढी आधी पीत नाहीत, मोजतात. वाढपी कढीची बाल्दी घेऊन पुढ्यात आला की त्याचा हात धरून थांबवतात, सदऱ्याच्या खिशातून एक काचेची कांडी काढतात आणि बाल्दीत उभी सोडतात. चष्मा कपाळावर चढवून कांडी किती बुडाली ते वाकून वाचतात आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणतात, "पाणी जास्त पडलांहा." मुलीच्या बापाचा चेहरा तिथेच उतरतो. माझ्या लग्नात तो उतरलेला चेहरा माझ्या सासऱ्यांचा होता, आणि अजून त्यांनी मामांना माफ केलेलं नाही.

मामा माझ्या आजोळचे, पेडण्यातल्या पार्सेचे. नातं तसं लांबचं, पण आजोळचं मांजरसुद्धा मामाच लागतं. उभा जन्म त्यांनी डिचोलीच्या नदीकाठी एका धक्क्यावर काढला. खाणीतली लोखंडाची माती तिथं बार्जीत, म्हणजे सपाट बुडाच्या मोठ्या नावेत, भरतात, बार्ज नदीतून बंदरात जाते आणि तिथं ती माती मोठ्या जहाजात ओततात. आता बार्जीला काट्यावर कोण चढवणार? म्हणून तिच्या पोटावर आकडे रंगवलेले असतात. भरलेली बार्ज कितव्या आकड्यापर्यंत बुडाली ते होडीतून फिरून वाचायचं आणि त्यावरून माल किती ते काढायचं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

गोम पाण्यात आहे. गोडं पाणी हलकं, खारं जड. तीच बार्ज, तीच माती, पण गोड्या पाण्यात ती जास्त बुडते आणि खाऱ्यात शिरली की वर येते. आणि आमची नदी म्हणजे दोन घरची लेक! उन्हाळ्यात समुद्राची, पावसाळ्यात डोंगराची, मधल्या दिवसांत भरतीला एक आणि ओहोटीला दुसरीच. म्हणून आकडे वाचायच्या आधी दर वेळी बाल्दीभर पाणी काढून त्यात कांडी सोडायची. गोड्यात कांडी खोल जाते, खाऱ्यात डोकं वर काढते. मामा म्हणतात, "आधी पाण्याक विचार." लग्नाचं स्थळ असो, जमिनीचा तंटा असो की मधुमेहाचं औषध असो, मामांचा सल्ला एकच.

माझी बायको कैऱ्या खारात घालते तेव्हा पाण्यात अंडं सोडून बघते. अंडं तरंगलं की मीठ पुरं झालं. मामांनी हे एकदा पाहिलं आणि तिला वाकून नमस्कार केला. "शिकलेली बाई!" मी त्याच धक्क्यावर इतकी वर्षं कारकुनी केली, मला कधी केला नाही.

मधे खाणी बंद पडल्या. बार्जी नदीत गंजत उभ्या राहिल्या. मी टॅक्सी घेतली आणि मोरजीला रशियन पाव्हण्यांना कासवांची अंडी लांबून दाखवत फिरलो. मामा तर तेव्हा निवृत्तच झालेले, बायको नाही, पोर नाही, पण रोज सकाळी धक्क्याच्या पायरीवर हजर. बार्ज नाही, माती नाही, चिटपाखरू नाही, आणि हा माणूस नदीचं पाणी बाटलीत भरतोय! बाटल्या कुठल्या, तर बारवाल्यानं टाकलेल्या फेणीच्या. बूच घट्ट बसवायचं, वर चिठ्ठी चिकटवायची. तारीख, वेळ, भरती की ओहोटी. खिडकीवर, कपाटावर, खाटेखाली, सगळीकडे बाटल्या. पोदेरानं पाव देताना त्या बघितल्या आणि गावभर सांगितलं की पुनाजीबाब रोज एक संपवतात. वाड्यावरच्या बायका एक दिवस त्यांना दारू सोडा म्हणून सांगायला गेल्या. मामांनी त्यांना चहा दिला आणि प्रत्येकीला एकेक बाटली हुंगायला लावली. त्या घरी परतल्या त्या, मामा पितात त्यापेक्षा वाईट काहीतरी झालंय अशी खात्री करूनच.

मीही हसायचो. खोटं कशाला बोलू?

खाणी पुन्हा सुरू झाल्या आणि मला परत धक्क्यावर घेतलं. गणपतीची चवथ होऊन गेली होती, पाऊस संपला असं सगळे धरून चालले होते. नदी हळूहळू खारट होत होती. आणि एका रात्री वर घाटात धो धो कोसळला. आमच्याकडे थेंब नाही. सकाळी बार्ज भरली, बार्जीचा तांडेल ओहोटी जाईल म्हणून ओरडत होता, आणि मी काय केलं? बार्जीवरचे आकडे वाचले, पण बाल्दी उचललीच नाही. कालचं पाणी तेच आजचं, म्हणून कागदावर पाण्याचा कालचाच आकडा उतरवला आणि सही ठोकली.

बंदरातल्या लोकांनी रीतसर पाणी मोजलं, बार्जीचे आकडे वाचले, आणि माझ्या कागदापेक्षा चार-पाच ट्रक माती कमी भरली. धक्क्यावरच्या साहेबांनी मला बोलावलं. "वाटेत बार्ज कुठं लावली होती? माती कोणाला विकली?" आता माझं डोकं मुळातच तापट. मी टेबलावर हात आपटला. झालं! चोर तो चोर वर शिरजोर, असं साहेबांनी मला तोंडावर ऐकवलं. दोन दिवसांत खुलासा दे, नाहीतर पोलीस. दुपारपर्यंत बाजारात माझ्याकडे बघून लोक बोलायचे थांबायला लागले. माझी मुलगी कॉलेजातून आली आणि न जेवता खोलीत जाऊन पडली. तिला कोणीतरी काहीतरी बोललं होतं, ते काय हे तिनं मला सांगितलं नाही.

मी मामांकडे गेलो. का गेलो, ठाऊक नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पाण्याक विचारलंस?"

मी खाली मान घातली.

मामा ओरडतील असं वाटलं होतं. ते उठले आणि खाटेखालून दोन बाटल्या काढल्या, बार्ज भरली त्या सकाळची एक आणि आदल्या दिवशीची एक. स्वच्छ धुतलेला सदरा घातला आणि माझ्या आधी पायऱ्या उतरले.

साहेबांच्या टेबलावर त्यांनी दोन उंच भांड्यांत पाणी ओतलं. आदल्या दिवशीच्या पाण्यात कांडी डोकं काढून उभी राहिली. त्या सकाळच्या पाण्यात बुडुक्कन खाली गेली.

साहेब म्हणाले, "हे नळाचं कशावरून नाही?"

"मगे चला धक्क्यार," मामा म्हणाले. "घाटातला पाणी अजून उतरताहा. तुमच्या हातान काढा."

साहेब चकचकीत बूट घालून शेवाळलेल्या पायरीवर उतरले, एका हातानं माझा खांदा धरून. तोच मी, ज्याला सकाळी बेड्या घालायला निघाले होते! स्वतः बाल्दी काढली, कांडी सोडली. ती तश्शीच खाली गेली. बार्ज जास्त बुडाली होती ती मातीनं नव्हे, गोड्या पाण्यानं. वर येऊन त्यांनी हिशेब पुन्हा मांडला आणि चार-पाच ट्रक माती जागच्या जागी सापडली, कारण ती कधी भरलीच नव्हती. साहेबांनी माझी माफी मागितली. बाल्दी न काढल्याबद्दल लेखी ताकीदही दिली, ती मी निमूट घेतली.

बाहेर येऊन मी मामांचे पाय धरले. रडलो, लाज कसली त्यात. ह्या माणसानं माझी नोकरी वाचवली हे तर खरंच, पण मी घरी जाऊन मुलीच्या खोलीचं दार वाजवू शकलो, ते ह्यांच्यामुळे. पण मामांच्या तोंडावर आनंद नव्हता.

"तुझी टॅक्सी आसा मरे अजून?" त्यांनी विचारलं. "माका वाळपय व्हरशीत?"

वाळपईच्या वाटेत त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी मामा आकडे वाचायचे आणि शाबी नावाचा कारकून सही करायचा. असाच एक दिवस, असाच घाटातला पाऊस, आणि मामांनी बाल्दी काढायचा कंटाळा केला. माती कमी भरली. चोरीचा आळ शाबीवर आला आणि त्याला हाकललं. आठ दिवसांनी मामांना उमगलं, पाणी गोडं होतं. "पण तेव्हा दाखवूक पाणी खंय होता? गेला व्हावत. आणि माका माझी नोकरी राखूची होती. भियालंय मी." त्यानंतर शाबी बायकोला घेऊन वाळपईला गेला, तो परत डिचोलीत दिसला नाही. मी गाडी चालवत राहिलो.

वाळपईच्या बाजारात शाबीचा लहानसा पसरा आहे, साबण, साखर, उदबत्त्या. तो म्हातारा मामांकडे बघत राहिला. मामा गल्ल्यापाशी हात जोडून उभे राहिले आणि सगळं सांगितलं, एक शब्द न चोरता.

शाबीनं गल्ला बंद केला. मग म्हणाला, "मी चोर नाय ह्या माका ठावक आसा. माका कित्याक सांगतंस?" आणि आत वळून हाक मारली, "अगो, भायर ये गो."

बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मामांनी तिला पुन्हा सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "मी ह्यांका एकदाच विचारलेला. मागीर कधी विचारूक नाय." आणि पदर तोंडाला लावून तिथेच पोत्यावर बसली.

इतक्यात एक गिऱ्हाईक आलं. कोणी परका मनुष्य, हातात पिशवी. "अर्धो किलो साखर द्या."

"दितंय," शाबी म्हणाला. "पण वाईच थांब. आधी हो काय सांगता ता आयक."

तो मनुष्य पिशवी घेऊन थांबला. आणि मामांनी हात जोडून परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, ह्या खेपेला मोठ्यानं, रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल असं.