मास्तरांनी शिकवलेलं ‘नोइंगली’

निवृत्त झाले तरी मास्तरांची शिकवायची खोड काही गेली नव्हती! सूनबाईची तासाभरात मुलाखत होती, एका मोठ्या दवाखान्यात, स्वागतिकेच्या जागेसाठी. इंग्रजीचा सराव करताना तिचं घोडं ‘नोइंगली’ या एका शब्दावर अडलं.

"हात्तिच्या! असा डोक्यात बसवतो, की जन्मात निघायचा नाही! चल गॅलरीत!"

गॅलरीत येऊन मास्तरांनी दाराकडे बोट दाखवलं. "वाऱ्यानं दार लागलं, तर त्या बिचाऱ्याला काय कळतंय? पण मी लावलं, तर पुरत्या जाणिवेनं, परिणाम ठाऊक असताना. म्हणजेच नोइंगली! हे बघ!"

दार धाडकन लागलं. आतलं लॅच खटकन बसलं. परिणाम तेवढा मास्तरांना ठाऊक नव्हता!

"बाबा, किल्ली?"

"आत."

"फोन?"

"तोही आतच गं!"

सासूबाई सकाळीच बहिणीकडे गेलेल्या. दाराची मूठ ओढून ओढून मास्तर घामाघूम झाले. तेवढ्यात खाली वॉचमन दिसला.

"अहो, दार उघडा! लवकर!"

त्यानं तत्परतेनं इमारतीचं फाटक सताड उघडलं. "उघडलं, साहेब!"

"ते नव्हे, आमचं!"

पण फाटक उघडं मिळताच एक ट्रक आत घुसला, आणि हॉर्नच्या गोंगाटात मास्तरांचं बोलणं ऐकूच जाईना. ते मटकन खाली बसले. जन्मभर लोकांची पोरं पास केली, आणि घरच्या पोरीची नोकरी आपल्याच हातानं घालवली! त्यांना रडूच यायला लागलं.

"बाबा, जरा बाजूला व्हा."

सूनबाईनं त्यांची लाडकी कुंडी उचलली आणि दाराच्या काचेवर घातली. खळ्ळकन! आत हात घालून लॅच उघडलं, पर्स उचलली आणि ती पळाली.

संध्याकाळी आली ती हसतच. नोकरी मिळाली होती! "अचानक अडचण आली तर काय कराल, एवढंच विचारलं. मी काचेचं सांगितलं."

खुर्चीत बसल्या बसल्या मास्तरांनी हात जोडले. "पोरी, तुझे उपकार कसे फेडू? मूर्खपणा माझा, आणि निस्तरलास तू!"

"पण काय गं," नुकत्याच परतलेल्या सासूबाईंनी विचारलं, "दाराशेजारची खिडकी तर मी सकाळी उघडीच ठेवली होती!"

"दिसली होती, आई. पण चढताना कपड्यांची इस्त्री मोडली असती. म्हटलं, त्यापेक्षा काच मोडलेली बरी. पूर्ण विचार करूनच फोडली!"

"ऐकलंस?" मास्तर आनंदानं ओरडले. "नोइंगली! अर्थ अगदी पक्का बसलाय!"

"तो बसलाय ना? मग तुम्ही उठा!" सासूबाईंनी त्यांच्या हातात झाडू दिला.